लहान लेकरांसाठी डिस्क गोल्फची पहिली डिस्क कोणती घ्यावी? (वय साडेपाच आणि नऊ)

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ फिनलंडला असतो, दिवाळीत गावाकडं येणारय आणि म्हणतोय की लेकरांसाठी डिस्क गोल्फच्या डिस्क घेऊन येतो, कोणत्या आणू तेवढं सांग. तिकडं हा खेळ लय चालतो, जंगलातनं वाट काढत फ्रिसबीसारखी चकती फेकत जायचं आणि शेवटी साखळ्यांच्या बास्केटमधे पाडायची, सगळ्यात कमी फेकीत जो पाडील तो जिंकला. लेकरांनी काकाचे व्हिडिओ बघितले तेव्हापासनं दोघंबी पाठीमागं लागलेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेपाच. आमचं शेत परभणीपासनं जवळच आहे, सोयाबीन निघालं की एक तुकडा रिकामाच असतोय, बांधावर लिंबाची चार मोठी झाडं, म्हणजे जागेची काही अडचण नाही.
अडचण अशी की भाऊ खेळतो तो मोठ्या माणसांत. त्यानं फोटो पाठवले त्यात हरेक डिस्कवर चार आकडे, कुठं १२, ५, -१, ३ तर कुठं २, ३, ०, १. वजनं वेगळी, प्लास्टिक वेगळं, नावं तर विचारूच नका. परत त्याला सामानात फार वजन आणता येत नाही. कुणी लहान लेकरांना हे शिकवलंय का? काय आणायला सांगू, आणि काय आणू नको म्हणून सांगू? बास्केट तर तो आणू शकत नाही, त्याचं इथं काय करायचं तेबी सांगा.

पीटीचे_सर
लातूरहून लिहितोय. मी शाळेत पीटी घेतो, आमच्याकडं अल्टिमेटच्या (चकती एकमेकांकडं फेकत झेलत खेळायचा संघाचा खेळ) निमित्तानं डिस्क आल्या आणि त्यातनं मी गोल्फकडं वळलो, त्यामुळं लेकरांचे हात कसे चालतात ते रोज बघायलोय.
आधी आकड्यांचं सांगतो, मग बाकीचं आपोआप उमगंल. पहिला आकडा स्पीड. म्हणजे ही डिस्क नीट उडायला किती वेगानं फेकावी लागते ते. दुसरा ग्लाइड, हवेत किती वेळ तरंगत राहील. तिसरा टर्न, फेकल्यावर सुरुवातीच्या वेगात ती कुठं वळंल, हा आकडा बहुतेक शून्य नाहीतर वजा असतोय. चौथा फेड, वेग कमी झाल्यावर शेवटी किती जोरात कडंला पडंल. उजव्या हातानं बॅकहँड (हात छातीसमोरनं आडवा ओढून) फेकणाऱ्याची डिस्क टर्नमुळं उजवीकडं जाती आणि फेडमुळं डावीकडं येती.
आता लेकरांचं गणित यातच आहे. लोक समजतात स्पीड १२ म्हणजे जास्त लांब जाणार, म्हणून लेकरालाबी तीच घेऊ. तसं नाही. स्पीड १२ ची डिस्क उडायला तेवढा वेग हातात पाहिजे, तो बऱ्याच मोठ्या माणसांच्या हातातबी नसतोय. नऊ वर्षांच्या पोरीनं ती फेकली की तिला वेगच मिळत नाही, मग फक्त फेड उरतोय, डिस्क हातातनं सुटली की डावीकडं वळून धप्पकन खाली. चार वेळा असं झालं की लेकरू म्हणतंय मला येत नाही. त्याला येत असतंय, डिस्क त्याची नसती.
म्हणून भावाला एकच सांगा: स्पीड १ ते ३, म्हणजे पटर, जवळनं बास्केटमधे टाकायची डिस्क. फार तर मुलीसाठी एक मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची, स्पीड ४ किंवा ५ ची. टर्न शून्य नाहीतर वजा एक-दोन, फेड शून्य नाहीतर एक. आणि हलक्यात हलकी मिळंल ती. ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, एकबी आणू नका.

तेरणाकाठ
सर बरोबर सांगायलेत पण मला एक वाटतंय, साडेपाच वर्षाच्या पोरासाठी परदेशातनं डिस्क कशाला? जत्रेत, खेळण्याच्या दुकानात साधी प्लास्टिकची फ्रिसबी मिळती, ती आधी द्या. तोडली तर तोडली, हरवली तर हरवली. आवड टिकली तर बघा पुढं. आमच्याकडं क्रिकेटचं असंच होतंय, पोरगं दोन दिवस खेळलं की लगेच बाप लेदरची किट आणतोय आणि ती माळ्यावर पडून राहती.

पीटीचे_सर
@तेरणाकाठ तुमचा मुद्दा पैशाच्या बाजूनं खरा आहे. पण त्या जत्रेतल्या फ्रिसबीत एक गोष्ट नसती, कडेला वजन. चकती हवेत सरळ राहती ती फिरण्यामुळं, भोवरा फिरतो तोवर उभा राहतो ना, तेच. आणि फिरणं टिकायचं तर वजन कडेला पाहिजे. ती स्वस्तातली चकती पातळ असती, फेकली की थरथरती, थोडी झुळूक आली की उलटी होऊन मागं येती. मोठा माणूस तिला सांभाळून फेकू शकतोय, लेकरू नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त मदत पाहिजे त्याच्याच हातात सगळ्यात अवघड वस्तू दिल्यासारखं होतंय. साडेपाच वर्षांच्या पोराला ती दारात खेळायला द्या की, पण त्यावरनं त्याला आवड आहे का नाही ते ठरवू नका.

तेरणाकाठ
हे पटलं. कडेच्या वजनाचा विचार केला नव्हता कधी. तरी माझं म्हणणं आहे की साडेपाचला एकच डिस्क बास.

वाळूजची_आई
एकच बास, मी पण तेच म्हणते. पण कोणती, त्यात एक गोष्ट कोणी बोललंच नाही अजून, हात केवढा आहे ते बघा! आकडे, वजन सगळं नंतर.
डिस्कची जी कडा बोटांनी आत धरतो ना तिची रुंदी प्रत्येक प्रकारात वेगळी असते. पटरची कडा साधारण एक सेंटीमीटर रुंद, लांब जाणाऱ्या ड्रायव्हरची दोन-सव्वादोन सेंटीमीटर, कधी त्याहून जास्त. लहान मुलाची बोटं तेवढी कडा ओलांडून आत पोचतच नाहीत, मग तो नुसती चिमटीत धरतो आणि फेकताना ती निसटते. घरी करून बघायचं असेल तर पुठ्ठ्याची पट्टी कापा, एक सेंटीमीटरची आणि एक दोन सेंटीमीटरची, मुलाला अंगठा वर आणि चार बोटं खाली अशी धरायला सांगा, बोटांची टोकं कुठं येतात ते लगेच दिसतं. पटरमध्येसुद्धा काही खूप खोल असतात, म्हणजे कड उंच असते, त्या छोट्या हातात भरत नाहीत. त्यातल्या त्यात चपटी बघा.
दुसरं फार महत्त्वाचं. गोल्फची डिस्क ही एकमेकांकडं फेकून झेलायची वस्तू नाही. ती लहान असते, व्यास २१-२२ सेंटीमीटर, त्या मानानं वजनदार आणि कडक, आणि ड्रायव्हरची कडा तर पातळच असते. तोंडावर बसली तर दात जाईल, भुवई फुटेल. भावंडं एकत्र असली की दुसऱ्या मिनिटाला कॅच-कॅच सुरू होतं, हे आपल्याला माहिती आहे. म्हणून झेलायला वेगळी मऊ चकती ठेवा, कापडाची किंवा फोमची, आणि गोल्फची डिस्क फक्त बास्केटकडं फेकायची हा घरचा नियमच करा. फेकणाऱ्याच्या पुढं कुणी उभं राहायचं नाही. साडेपाच वर्षांचा मुलगा हे ऐकेल याची मला खात्री नाही, त्यामुळं त्याच्याबरोबर मोठं माणूस हवंच.

पूर्णाकाठ
ताई, हे पुठ्ठ्याचं लगेच करून बघितलं. मुलीची बोटं दोन सेंटीमीटरच्या पट्टीवरबी कशीबशी पोचतात, पोराची तर एकलाच कशीबशी. आता भावाला ड्रायव्हरचं नावबी काढू देणार नाही.
अजून दोन प्रश्न. एक, मुलगी डावखुरी आहे, तिच्यासाठी वेगळी डिस्क असती का? दोन, भाऊ म्हणतोय तिकडं तीन डिस्कचा स्टार्टर सेट मिळतो, पटर, मिडरेंज, ड्रायव्हर, सुट्यापेक्षा स्वस्त पडतो. तो घ्यावा का?

सध्या_टेक्सास
मी मूळचा नांदेडचा, बरीच वर्षं इकडं आहे, पोरांबरोबर खेळतो त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही.
डावखुऱ्यासाठी वेगळी डिस्क नसते. तीच डिस्क, फक्त सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं, तिच्या बॅकहँडला डिस्क शेवटी उजवीकडं पडणार. शिकवताना मात्र लक्षात ठेवा, उजव्या हाताचा बाप शेजारी उभा राहून दाखवतो आणि डावखुरं लेकरू गोंधळतं. तिच्या समोरासमोर उभं राहून दाखवलं तर तुमचा उजवा हात तिला तिच्या डाव्यासारखा दिसतो, उलट सोपं जातं.
स्टार्टर सेट हा चांगला सौदा आहे पण मोठ्यांसाठी. त्यातल्या डिस्क बहुतेक १६०-१७० ग्रॅमच्या पुढं असतात. नियमात व्यासाच्या दर सेंटीमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम चालतं, म्हणजे २१ सेंटीमीटरच्या डिस्कला १७४ च्या आसपास हद्द, आणि मोठी माणसं त्या हद्दीच्या जवळचंच वापरतात कारण जड डिस्क वाऱ्यात हलत नाही. लेकरांना ते नको. नऊ वर्षांच्या मुलीला मी १४० ते १५० ग्रॅम म्हणीन, साडेपाचला मिळाली तर १२०-१३० च्या घरातली. वजन डिस्कच्या खालच्या बाजूला पेननं लिहिलेलं किंवा स्टिकरवर असतं, प्रत्येक डिस्कचं वेगळं, त्यामुळं भावाला दुकानात जाऊन उलटी करून बघायला सांगा, नुसतं नाव सांगून उपयोग नाही. एकाच नावाची डिस्क १५० मध्ये पण असते आणि १७५ मध्ये पण, हातात आल्यावर दोन वेगळ्या वस्तू वाटतात. मी एकदा ऑनलाइन मागवली तेव्हा लिहिलेलं वजन एक आणि आलेलं दुसरंच होतं, म्हणून सांगतोय.
नावं पाहिजेतच तर: इनोव्हा कंपनीचा अवियार, आकडे २, ३, ०, १, पटरमध्ये याच्याइतका साधा आणि भरवशाचा दुसरा मला माहीत नाही. मिडरेंजमध्ये डिस्क्राफ्टचा बझ, ५, ४, -१, १. मुलगी मोठी झाली आणि खरंच लांब फेकायला लागली तर पुढं कधीतरी इनोव्हाचा लेपर्ड, ६, ५, -२, १, हलक्या वजनात. लॅटिट्यूड ६४ ही कंपनी तर तुमच्या भावाच्या शेजारीच, स्वीडनची, तिचा डायमंड नावाचा ड्रायव्हर मुद्दाम हलका बनवलेला असतो, १५९ ग्रॅमच्या वर नसतोच. पण तो स्पीड ८ चा आहे, त्यामुळं सध्या नाही, पुढच्या वेळी.
प्लास्टिक बेसिक घ्या. महागड्या प्लास्टिकचं काय असतं, ते झाडावर आपटून वर्षानुवर्षं टिकतं पण गुळगुळीत आणि कडक असतं. स्वस्तातलं बेस प्लास्टिक हाताला चिकटून बसतं, लेकराच्या घामाच्या हातातून सटकत नाही. ते लवकर झिजतं हे खरं, पण झिजलेली डिस्क जास्त सरळ आणि जरा टर्न घेणारी होते, लेकरांना तर ती नव्यापेक्षा बरी पडते! इकडं बेस प्लास्टिकची डिस्क ८ ते १२ डॉलरला मिळते. भारतात मागवली तर शिपिंग आणि कस्टम धरून ती कुठल्या कुठं जाते, म्हणून भाऊ येतोय ही संधी सोडू नका.

पीटीचे_सर
टेक्सासवाल्या दादांनी माझं काम सोपं केलं. एक भर घालतो. मुलीसाठी गोल्फ डिस्कच्या जोडीला ज्युनियर अल्टिमेट डिस्कचा विचार करा. मोठ्यांची अल्टिमेट डिस्क १७५ ग्रॅमची असती, व्यास २७ सेंटीमीटरच्या वर, ती लेकरांना जड जाती. डिस्क्राफ्टची जे-स्टार १४५ ग्रॅमची आहे, लेकरांसाठीच काढलेली. ती झेलताबी येती आणि बास्केटमधे टाकताबी येती. कडा जाड आणि गोल असल्यानं लागतं कमी. आमच्या शाळेत एका वर्गाला चाळीस लेकरं, तिथं मी गोल्फच्या डिस्क काढतच नाही, फक्त ह्याच, कारण कोण कुणाकडं फेकील सांगता येत नाही. फिरकी कशी द्यायची, मनगट कुठं सोडायचं हे सगळं याच डिस्कवर शिकून होतंय, मग गोल्फची डिस्क हातात दिली की पोरगं आठवड्यात धरतंय.

बालाघाट
बीडकडनं. मला डिस्कचं एवढं कळत नाही पण शेतात खेळणार म्हणताय म्हणून चार गोष्टी सांगतो, ह्या तुमच्या त्या फिनलंडच्या जंगलात कुणी सांगणार नाही.
पहिली, विहीर. शेतात उघडी विहीर, शेततळं असंल तर त्या दिशेला तोंड करून खेळायचंच नाही, एकदम उलट बाजूला खेळ मांडा. चकती विहिरीत गेली तर जाऊ द्या, पण लेकरू तिच्यामागं पळत कठड्यापर्यंत जातंय. डीपी आणि विजेच्या तारांचंबी तेच.
दुसरी, बांधावरच्या गवतात, धसकटात चकती गेली तर लेकरांनी हात घालायचा नाही. काठीनं गवत बाजूला करून बघायचं, पायात बूट. सोयाबीन निघाल्यावर उंदरं फिरतात, त्यांच्यामागं साप असतात. बाभळीचा काटा तर चप्पल फोडून आत जातोय. गाजरगवत असंल तर आधी उपटून काढा, लेकरांच्या अंगाला खाज सुटती.
तिसरी, रंग. लोक पिवळी नाहीतर केशरी घेतात दिसाया म्हणून, पण दिवाळीनंतर आपलं शेत सगळं पिवळं-तपकिरी असतंय, वाळलेल्या पाल्यात पिवळी चकती पडली की सापडत नाही. गर्द गुलाबी नाहीतर निळी घ्या. पावसाळ्यात हिरवी तर बिलकुल नको.
आणि चकतीच्या खालच्या बाजूला मार्करनं नाव आणि फोन नंबर लिहा. शेजारच्या शेतात गेली तर आणून देणारं माणूस देतंय.

सध्या_टेक्सास
@बालाघाट रंगाचं अगदी खरं. गुलाबी डिस्क म्हटलं की काही पोरं नाक मुरडतात, पण इकडं मोठमोठे खेळाडू मुद्दाम गुलाबी घेतात, सापडते म्हणून.
उन्हाचं मी सांगतो कारण टेक्सासचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा सारखाच. डिस्क बंद गाडीत, स्कूटरच्या डिकीत, पत्र्याखाली ठेवू नका, वाकडी होते, ताटलीसारखी सपाट राहतच नाही. झाली वाकडी तर कोमट-गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून सपाट फरशीवर वजनाखाली दाबून थंड होऊ द्या, बऱ्यापैकी सरळ येते. आणि रचून ठेवताना उभ्या ठेवा किंवा सपाट एकावर एक, तिरक्या कोंबू नका.

वाळूजची_आई
उन्हाळ्यात तर सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतरच, डिस्कसाठी नाही तर मुलांसाठी. पाणी, टोपी. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, त्यात मुलांना खेळायचं भान राहत नाही.

फॅब्रिकेशन_जालना
बास्केटचं मी सांगतो, माझा वेल्डिंगचाच धंदा आहे आणि एका शाळेसाठी ह्या बास्केट करून दिल्यात.
भावाला बास्केट आणायला लावू नका, इथं निम्म्याहून कमी पैशात होती. वरच्या रिंगला सायकलची जुनी २६ ची रिम घ्या, स्पोकची भोकं तयार असतात, एक सोडून एक भोकात एस हूक घालून साखळी अडकवायची. साखळी पातळ कडीची घ्या, पाळण्याला लावतात तसली जाड नको. जाड साखळीवर लेकराची हलकी डिस्क आपटली की उसळून बाहेर येती, पातळ साखळी तिला कवेत घेती. साखळीचं कामच ते आहे, डिस्कचा जोर मारायचा आणि तिला खाली टोपलीत पाडायची. साखळ्यांची खालची टोकं मधल्या पाइपाला एका छोट्या कड्यात बांधायची, थोडी ढिली, ताणून नाही. मधला पाइप दीड इंची जीआय.
खालची टोपली वरच्या रिमपेक्षा मोठी पाहिजे, हे विसरू नका. २६ ची रिम साधारण ५६-५७ सेंटीमीटरची असती, तर टोपली ६५-७० ची करा, गोल सळईची, वरनं वेल्ड केलेली जाळी. सगळ्या टोकांना ग्राइंडर मारून घ्या, धार राहिली तर लेकराचं बोट कापंल.
उंची. नियमातल्या बास्केटची टोपलीची कड जमिनीपासनं ऐंशी-ब्याऐंशी सेंटीमीटरवर असती. साडेपाच वर्षाच्या लेकराच्या ती छातीला येती. मी पाइपाला दोन भोकं पाडून पिन ठेवली होती, टोपली ६० वर पण बसती आणि ८० वर पण. लेकरू वाढलं की वर करायची.
शेतात कायम रोवू नका, नांगरट आली की अडचण. जाड पाइपाचा एक फूटभर तुकडा जमिनीत सिमेंटनं बसवा, जमिनीच्या खाली तोंड राहील असा, आणि बास्केटचा पाइप त्यात उभा करा, नांगरायच्या आधी काढून घ्या आणि त्या जागी खूण ठेवा. नाहीतर चारचाकीची जुनी चाकाची रिम घेऊन तिच्यावर पाइप वेल्ड करा, कुठंबी उचलून नेता येती.

तेरणाकाठ
वेल्डिंगवाले भाऊ, भारी माहिती. पण ज्याच्याकडं तेवढंबी करायची सोय नाही त्यानं काय करावं? आमच्या वस्तीवरच्या लेकरांनापण खेळवावं वाटायलंय हे वाचून.

पीटीचे_सर
मग लिंबाच्या झाडाला खेळा! हा खेळ साखळ्यांच्या बास्केटनं सुरूच झाला नाही. आधी लोक झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे हेच लक्ष्य धरून खेळायचे. एड हेड्रिक म्हणून गृहस्थ होते, व्हॅम-ओ कंपनीत फ्रिसबीवर काम करायचे, फ्रिसबीच्या पाठीवर ज्या बारीक गोल रेषा असतात त्या त्यांनीच आणल्या, १९६७ चं पेटंट आहे त्यांचं. त्यांनी १९७५ मधे कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स उभा केला, तिथंबी सुरुवातीला बास्केट नव्हती, खांबच होते. साखळ्यांची बास्केट त्यांनीच मग काढली, आणि १९७६ मधे पीडीजीए ही डिस्क गोल्फची संघटना पण त्यांचीच. तर वस्तीवरच्या लेकरांना काहीच कमी नाही. झाडाच्या बुंध्याला गुडघ्यापासनं छातीपर्यंत चुन्याचा पट्टा मारा, पट्ट्याला लागली की झालं. जुना टायर फांदीला टांगा. डालगं आडवं करून तोंड समोर ठेवा, लहान लेकरांना तर डालग्यात चकती गेल्याचा आवाजच लय आवडतोय. सहा झाडं, सहा लक्ष्यं, एक पासनं सहा आकडे टाका, कोर्स तयार.
चकती एकच असंल तर आळीपाळीनं. खरंतर या खेळात एकच चकती घेऊन पूर्ण फेरी मारता येती, हे मला सगळ्यात चांगलं वाटतं. अकरा जण लागत नाहीत, बॅट-पॅड लागत नाही, दोन भावंडं असली तरी होतंय.

वाळूजची_आई
सर, एक विचारते. मुलगी मोठी, मुलगा लहान, दोघं एकत्र खेळले की मुलगी दर वेळी जिंकणार आणि मुलगा रडणार. यावर काय करता तुम्ही वर्गात?

पीटीचे_सर
ताई, फेकायची जागा वेगळी करायची, नियम तोच ठेवायचा. मुलीची रेघ बास्केटपासनं २५-३० मीटरवर, मुलाची १० मीटरवर. दोघांना साधारण तेवढ्याच फेकी लागल्या पाहिजेत, एकाला जास्त लागायल्या तर त्याची रेघ पुढं घ्या. मोठे खेळाडू तीनशे फुटांवरनं फेकतात म्हणून लेकरांना लांब उभं करू नका, लेकराला तीन-चार फेकीत साखळी वाजवता आली पाहिजे. पटिंगचा सराव तर अगदी तीन मीटरवरनं. आणि पळत येऊन फेकायला शिकवू नका अजून, उभ्यानंच, खांदा लक्ष्याकडं करून, डिस्क छातीसमोर सरळ रेषेत ओढून सोडायची. पळाले की डिस्क आभाळात जाती.

सध्या_टेक्सास
आणि वारा. हलक्या डिस्कची किंमत इथं मोजावी लागते. समोरून वारा आला की हलकी डिस्क उलटी व्हायला बघते, उजव्या हाताच्या बॅकहँडला उजवीकडं पळते. जून-जुलैत आपल्याकडं दुपारनंतर जो वारा सुटतो त्यात १३० ग्रॅमची डिस्क खेळवण्यात मजा नाही, सकाळी खेळा. वाऱ्यासाठी म्हणून जड डिस्क घेऊ नका मात्र, वर्षाचे बाकीचे महिने लेकराच्या खांद्याला त्रास होईल.

बालाघाट
पावसाळ्यात काळ्या रानात जाऊच नका की. माती चकतीला असली लागती की चकती दुप्पट जड होती आणि बुटालाबी ढेकळं. मुरमाड माळ असंल तर तिथं खेळा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, चकती उभी घुसली तर आत जाती, तेवढं बघा.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे लय आभार. भावाला आत्ताच लिहून पाठवलं: अवियार बेस प्लास्टिकमधे दोन, एक १५० च्या आतली मुलीसाठी, एक सगळ्यात हलकी मिळंल ती पोरासाठी, दोन्ही गुलाबी नाहीतर निळ्या. एक १४५ ची ज्युनियर अल्टिमेट. बझ हलक्या वजनात मिळाली तर एक, नाही मिळाली तर राहू दे. ड्रायव्हर नाही, सेट नाही. तो म्हणाला अवियार तिकडं प्रत्येक दुकानात असती पण १३० च्या आत मिळंल का शंका आहे. तसं झालं तर पोरासाठी काय करू?

सध्या_टेक्सास
पटर साधारण १५० पासूनच सुरू होतात, त्याच्या खाली मिळायला शोधावं लागतं. लेकरांसाठी म्हणून हलक्या डिस्कचे वेगळे सेट काही कंपन्या काढतात, दुकानात ज्युनियर किंवा किड्स म्हणून विचारायला सांगा. नाहीच मिळाली तर साडेपाच वर्षाच्या पोराला १५० ची पटर देण्यापेक्षा मऊ रबरी काठाची, शंभर-सव्वाशे ग्रॅमची साधी चांगली फ्रिसबी द्या आणि पटर दोन वर्षांनी काढा. पटर खराब होत नाही, कपाटात सपाट ठेवली की झालं.

वाळूजची_आई
हो, आणि ती त्याच्या नावाची आहे हे त्याला आत्ताच सांगा, नाहीतर ताईला तीन आणि मला एकच यावरून दिवाळीत भांडण होईल. त्याच्या फ्रिसबीवर त्याचं नाव त्यालाच लिहू द्या.

पूर्णाकाठ
हे करतो ताई. जालन्याच्या भाऊंना विचारायचंय, बास्केट एकच करावी का दोन?

फॅब्रिकेशन_जालना
आधी एकच करा. एका बास्केटभोवती पाच-सहा ठिकाणी रेघा मारल्या की पाच-सहा होल, म्हणजे खेळायचे वेगवेगळे टप्पे, होतात, प्रत्येक झाडाच्या आडनं वेगळी वाट. टोपलीला पिन मात्र लावाच आणि पहिल्यांदा ६० वर बसवा. मोजमाप लागलं तर इथंच विचारा, कागदावर काढून फोटो टाकतो, तुमच्या परभणीत कुणीबी वेल्डर करून देईल.